त्रिनिदाद: तेलाच्या पिंपांतलं गाणं आणि आण्णानं कापलेला फोन

फोन कापलास ते कापलास, वर घरच्या ग्रुपमधनंही निघून गेलास. ही कुठली रीत झाली, आण्णा? पृथ्वीच्या पाठीवर पार पलीकडनं बहीण फोन करते, "ऐक, एवढं एकदा ऐक" म्हणते, आणि तू खाडकन बंद? पहाटे साडेचारला फोन आला म्हणून कापला असं वहिनीला सांगितलंस म्हणे. तू चारला उठतोस हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तुझा चूळ भरल्याचा आवाज चौथ्या घरात जातो. आता मी येऊन आठवडा झाला तरी तू फोन उचलेनास. पण हा ब्लॉग वाचतोस, ते मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून इथंच लिहिते. वाच.

बाकीच्यांनी गोंधळू नका. आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, रिटायर मास्तर. त्याची लेक प्रज्ञा, माझी भाची, कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिथल्या पोरापोरींच्या पथकात ती हलगी शिकली आणि आता पथक युवा महोत्सवात वाजवणार आहे. आण्णा म्हणतो, ती वाजवणार नाही. त्याला कारण आहे. आमचं माहेर आजऱ्याकडं. आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, गावकीची हलगी वाजवावी लागायची. लग्न असो, मयत असो, देवीची पालखी असो, सांगावा आला की हातातला घास टाकून उठायचं. आजोबांनी धम्म घेतला होता, तरी गावानं आबांच्या गळ्यातली हलगी सोडवू दिली नाही. मी लहान असताना एका जत्रेला आबांनीच सांगितलं, आजपासनं बंद. त्या वर्षी आम्हाला कुणी शेतावर कामाला घेतलं नाही. आण्णाला ते सगळं आठवतं, मला निम्मं आठवतं. "माझ्या बापानं खाली ठिवल्यालं माझ्या लेकीनं उचलायचं न्हाई," एवढंच तो बोलतो.

मी निघायच्या आधी प्रज्ञा घरी आलती. "आत्या, बाबा तुझं ऐकत्यात. बोल की जरा." मी म्हटलं, आल्यावर बघू. मला तेव्हा खरंच कळत नव्हतं कुणाच्या बाजूनं बोलायचं.

आता प्रवासाचं. माझा नितीन त्रिनिदादला गॅसच्या कारखान्यात इंजिनियर आहे. वेस्ट इंडीजचं एक बेट, नकाशात शेंगदाण्याएवढं. त्यानं तिकीट काढलं आणि कळवलं, ये. आमचे मालक म्हणाले, "म्हशीची धार कोण काढणार?" मी म्हटलं, तुम्ही. माझा कटवड्याचा गाडा जावेच्या हवाली केला. कट किती तिखट करायचा ते तिला चारदा सांगितलं आणि निघाले. कोल्हापूर ते मुंबई रात्रीची गाडी, मुंबई ते लंडन विमान, तिथं विमान बदलून त्रिनिदाद. त्रिनिदादचा व्हिसा आपल्या पासपोर्टला आधी काढावा लागला नाही, पण लंडनात विमान बदलायचा कागद काढावा लागला. नियम बदलत असतात, तुम्ही विचारून जा. मला नावं ठेवू नका नंतर. आणि सॅकमध्ये चटणीची पुडी नेत असाल तर सामानात द्या. हातात ठेवली की ते साहेब लोक उघडून वास घेतात आणि मग शिंकत बसतात. बघितलंय मी.

विमानतळाबाहेर पडले आणि पहिली गोष्ट दिसली ती माणसं. माझ्यासारख्या दिसणाऱ्या बायका, काळ्याभोर उंच बायका, दोन्हींच्या मधल्या रंगाच्या बायका, सगळ्या एकाच ठसक्यात इंग्रजी बोलतात. पाट्यांवर नावं आपली. नितीन म्हणाला, "आई, यांचे आजे-पणजे इंग्रजांनी जहाजात घालून आणले. ऊस तोडायला." ऊस म्हटल्यावर मी खिडकीला नाक लावलं. साखर कारखाना बंद पडलेला, पण मधूनच एखादं उसाचं रान अजून उभं होतं. एवढ्या लांब आणून सोडलेल्या माणसांनी इथं संसार मांडले, देवळं बांधली, मशिदी बांधल्या.  

दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हटलं, खायला घाल, तुझं घर नंतर बघते. नितीननं रस्त्याकडेच्या एका टेबलापाशी नेलं. वर छत्री, टेबलावर झाकलेले डबे, मागं राधिका नावाची माझ्या वयाची बाई. सात वाजता ऑफिसवाले, पोलीस, शाळेची पोरं, सगळी तिच्याभोवती. पदार्थाचं नाव डबल्स. हळदीचा मऊ चपटा वडा समजा, त्याला ते बारा म्हणतात. कागदावर दोन बारे एकावर एक, वर छोल्यांचा रस्सा, काकडी, चिंचेची चटणी. उभ्या उभ्या हातानं खायचं. आपल्या पैशात शंभराच्या आतबाहेर. बाईचा हात असा चालतो की तळहातावर बारा कधी आला आणि रस्सा कधी पडला ते दिसत नाही. मी कितीतरी वर्षं गाडा चालवते, गर्दीत माझा हात कुणाला दिसत नाही असं मला वाटायचं. हिच्यापुढं मी शिकाऊ.

तिनं विचारलं, तिखट किती? नितीननं सांगितलं, थोडं. मी म्हटलं, "थोडं कुणाला सांगतोस? कोल्हापूरची हाय मी. घाल म्हणावं भरपूर."

राधिकानं नितीनकडं बघितलं. नितीननं आभाळाकडं बघितलं. तिनं घातलं.

काय सांगू? त्यांच्याकडं एक मिरची आहे, सुरकुतलेली, लाल, दिसायला गरीब. पहिला घास गोड लागला. दुसऱ्याला कानातनं वारं गेलं. तिसऱ्याला मला समोरचा पोलीस दोन-दोन दिसायला लागला. पण कोल्हापूरची अब्रू होती, सगळं संपवलं. राधिका कमरेवर हात ठेवून बघत होती. संपल्यावर तिनं न विचारता आणखी एक हातात दिलं, बिनतिखटाचं. पैसे घेतले नाहीत. तिला हिंदी येत नाही, मला इंग्रजी येत नाही. पण तिनं तव्याला तवा म्हटलं, लाटण्याला बेलना, पोळपाटाला चौकी, आणि बापाच्या आईला आजी. एवढ्यावर आम्ही अर्धा तास बोललो. नितीनची ऑफिसची वेळ टळली.

पुढचे दिवस मी नुसती खात सुटले. अळूची पानं डाळीच्या पिठात गुंडाळून तळतात, त्याला सहीना म्हणतात. आपली अळूवडीच, अंगानं धिप्पाड. डाळपुरी म्हणजे पुरणपोळीत गूळ घालायचा राहिला असं समजा, पण मटणाच्या रश्श्याबरोबर खाऊन बघा, मग बोला. खायला डेबी नावाच्या गावाला जा, रस्त्याकडेला ओळीनं टपऱ्या आहेत. बंदराच्या शहरात जायला मॅक्सी मिळते, म्हणजे आपली शीटं भरून नेणारी वडापची गाडी. अंगावरच्या पट्ट्याच्या रंगावरनं रस्ता कळतो, आम्हाला हिरवा पट्टा लागायचा. आपल्या वडापमध्ये ड्रायव्हरच्या मांडीवरसुद्धा माणूस बसवतात. तिथं सीट भरली की संपलं. गाणी मात्र अशी मोठ्यानं की खिडकीच्या काचा नाचतात. अंधार पडल्यावर शहरात एकट्या बाईनं हिंडू नका, तिथली माणसंच सांगतात, ऐका.

मंगळवारी संध्याकाळी नितीन म्हणाला, "चल, पॅन ऐकायला जाऊ." कार्निव्हलच्या आधीचे दिवस होते. त्या दिवसांत सगळे बँड आपापल्या आवारात तालमी करतात. आम्ही गेलो तिथं कुणीही जाऊन बसावं, तिकीट नाही. पत्र्याची शेड, आत दाटीवाटीनं माणसं, आणि प्रत्येकापुढं लोखंडी पिंपं, त्यालाच हे पॅन म्हणतात. डांबराची, तेलाची असतात तसली. तोंड ठोकून ठोकून आत दाबलेलं, त्यावर खळग्या पाडलेल्या, एकेका खळगीत एकेक सूर. माझ्या मनात आलं, आता भांड्यांच्या बाजारासारखा गोंगाट ऐकायला लागणार.

मग एकानं काठीनं ठोका दिला आणि सगळ्यांनी एकदम सुरू केलं.

मला हे लिहिता येत नाही. माझा ब्लॉग तपासून देणारी सून म्हणाली असती, छान उपमा द्या. नाही सुचत. आवाज कानातनं आलाच नाही, तो चपलेतनं आला. खालनं पोटात, पोटातनं दातात. आणि एवढ्या लोखंडातनं निघतंय काय, तर पाण्याचा आवाज. शंभराच्या वर माणसं, पुढं कागद नाही, सगळं पाठ. एक पोरगी सहा पिंपांच्या मधोमध उभी, पुऱ्या उंचीची पिंपं, अंगाभोवती गरगर फिरून वाजवत होती. घाम गळत होता आणि ती हसत होती. मी एका जागी दहा मिनिटं बसत नाही. त्या फळकुटावर मी किती वेळ बसले ते मला माहीत नाही. हातातलं मक्याचं सूप, त्यात कणसाचे तुकडे आणि वरणफळासारखे पिठाचे गोळे, ते पार गार झालं.

शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली काळी म्हातारी बसली होती. तिनं कोपरानं ढोसून त्या पोरीकडं बोट केलं. नितीन मधे बसून सांगत गेला.

"माझी नात. माझ्या लहानपणी मी या फाटकाशी नुसती उभी राहिले म्हणून आईनं पट्ट्यानं फोडलं होतं. पॅन म्हणजे गुंडांचं काम. पॅनवाल्याला कोण मुलगी द्यायचं नाही."

"आणि आता?"

"आता शाळेत शिकवतात. आता ती मलाच दटावते, आजी तुला ताल नाही."

म्हातारी स्वतःशीच हसली. नितीन म्हणाला, त्याच्या आधी तर इंग्रजांनी या लोकांच्या कातड्याच्या ढोलांवरच बंदी घातली होती. मग हे बांबू आपटायला लागले, मग डबे, मग पिंपं. माझ्या डोक्यात प्रज्ञा उभी राहिली. मी तिथल्या तिथं फोन काढला.

"आण्णा, ऐक. हे बघ, दिसतंय का?"

"काय हाय ते? कुठं आग लागलीया का?"

"आग न्हाई, वाजप हाय. तेलाची पिंपं हाईत, पोरी वाजवत्यात. ही म्हातारी सांगतीया, पूर्वी ह्याला हात लावला तर मारायचे. बंदी होती. आता सगळं गाव ऐकायला येतंय. आपल्या प्रज्ञाचं..."

"थांब." आण्णाचा आवाज मास्तरकीचा झाला. "त्यांना वाजवायला बंदी हुती. आबांना न वाजवायला बंदी हुती. ह्यातला फरक कळंल तवा फोन कर."

आणि बंद.

तो फोन हा. राग आला. जास्त राग याचा आला की त्याच्या म्हणण्यात खोट काढता येईना. नितीननं विचारलं, "मामा काय म्हणाला?" मी म्हटलं, सूप गार झालंय, दुसरं आण.

पुढचे दोन-तीन दिवस पोरानं मला हिंडवलं. त्यानं मराकस नावाच्या समुद्रावर नेलं. डोंगराचा वळणाचा रस्ता, आंबोलीचा घाट आठवा, आणि खाली निळं पाणी असं की बघणाऱ्याची मान आपोआप तिकडंच वळते. तिथं तळलेल्या जाड भाकरीत शार्क मासा घालून देतात. चटण्या पुढं मांडलेल्या, हव्या तेवढ्या घ्या. जरा महाग, पण पोट भरतं. खाल्ला, चांगला होता. पण चित्त नव्हतं.

रविवारी आम्ही गाडीनं डेबीला निघालो होतो. वाटेत एका घरापुढं गर्दी. दारात जाळ पेटवलेला. जाळाभोवती चारपाच जण गळ्यात वाद्यं अडकवून गप्प उभे, आणि मागं बायाबापड्या गप्प.  दारात जाळ, जाळाला वाद्यं, माणसं मुकी, म्हणजे आमच्याकडं मयतच. मी नितीनला गाडी थांबवायला लावली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून कडेला उभी राहिले. नितीन "आई, आई" करत होता, त्याला गप्प केलं.

गर्दीतनं जरीची साडी नेसलेली एक बाई माझ्याकडं आली. तोंडावरनं हात फिरवला, काहीतरी विचारलं. नितीन लाजून लाल. "आई, लग्न हाय. नवरदेव त्या गाडीत बसलाय." बघितलं तर खरंच, गाडीत मुकुट घातलेला पोरगा घामाघूम. नितीननं त्यांना सांगितलं, आई समजली कुणी गेलं. अख्खी वरात हसली. मला हाताला धरून मांडवात न्यायला लागली. मी म्हटलं थांबा, मला हे बघू दे.

कारण मग मला कळलं ते जाळावर काय करत होते. तासा नावाचं त्यांचं वाद्य, मातीच्या भांड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. ते जाळावर धरून तापवत होते. फिरवून, लांब धरून, जवळ आणून, बोटानं टकटक करून. आबा हलगी अशीच तापवायचे. अशीच मान वाकडी करून.

नवरीचा बाप, सुटाबुटातला जाडजूड गृहस्थ, घड्याळ दाखवत आला. भटजी मागनं आला. चला, वाजवा, वेळ झाली. त्या वाजवणाऱ्यांचा म्होरक्या पन्नाशीचा, बारीक मिशीचा. त्यानं वर न बघता हात आडवा केला. नितीननं कानात सांगितलं, "तो म्हणतोय, अजून नाही. कातडं तापलं नाही."

आणि नवरीचा बाप थांबला. भटजी थांबला. गाडीतला मुकुट थांबला. मी आबांना जाळापाशी बघितलंय. "ए, झालं का न्हाई? उरक की!" असं ओरडणारा एक तरी असायचाच, आणि आबा "व्हय जी, झालंच" म्हणत अर्धी तापलेली हलगी घेऊन पळायचे. इथं सगळं लग्न एका माणसाच्या टकटकीकडं कान लावून गप्प उभं होतं.

मग त्यानं वाजवलं. हलगीचीच थोरली बहीण, दुसऱ्या गावात दिलेली. मी रडले नाही. थोडी रडले.

जेवायला मला सोडलं नाही. मोठ्या पानावर भात, डाळ, भोपळ्याची भाजी, आंब्याची तिखट फोड. वाजवणारे आमच्याच पंगतीत. म्होरक्या माझ्या शेजारी. शाळेची बस चालवतो म्हणाला. मी नितीनला म्हटलं, विचार याला, तुला कुणी वाजवायला बोलावलं आणि तुला यायचं नसलं तर काय करतोस?

नितीननं विचारलं. त्याला कळलं नाही. पुन्हा विचारलं.

"नाही म्हणतो."

"मग?"

"मग काय? दुसऱ्याला बोलावतात." त्यानं नितीनला परत विचारलं, तुझ्या आईला नक्की काय विचारायचंय? आणि माझ्या पानावर भात वाढायला लावला.

आण्णा, तो चेहरा मी तुला दाखवू शकत नाही. माझा प्रश्नच त्याला समजत नव्हता. त्याच्या बापाला समजला असता, आजाला तर नक्कीच, ऊस तोडायला आणलेला माणूस तो. पण ह्याला नाही.

महिनाभर राहून आले. येताना राधिकानं त्या मिरचीचं बी कागदात बांधून दिलं होतं, ते तिकडंच ठेवलं, विमानात चालत नाही. जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा, पॅन तेव्हाच ऐकायला मिळतं. हलके सुती कपडे न्या, डासांचं मलम न्या, आणि पोट रिकामं न्या. पैसे साठवून जा, तिकीटच महाग आहे, बाकी आपल्यासारखंच. मला विचाराल तर काय राहिलं मनात, तर खाणं आठ दिवसांत उतरलं. मी परत माझ्या कढईपुढं उभी आहे आणि जावेनं कट पार पातळ करून ठेवलाय. पण चपलेतनं आलेला तो आवाज अजून पोटात आहे, आणि तो आडवा केलेला हात.

आल्यावर परवा प्रज्ञाला गाड्यावर बोलावून घेतलं. वडा दिला आणि विचारलं, "उद्या तुला वाटलं न्हाई वाजवायची हलगी, तर?"

"तर सोडीन की."

"पथकवाले सोडतील?"

"न सोडायला काय झालं? आत्या, असलं काय विचारतीस?" आणि माझ्याकडं अशी बघत राहिली की मला येडच लागलंय.

तर तुझ्या फरकाचं उत्तर हे घे, आण्णा. आबांनी हलगी खाली ठेवली ती वाद्य वाईट होतं म्हणून नव्हे. त्यांना 'न्हाई' म्हणायचं होतं. ते त्यांनी म्हटलं, आणि त्यासाठी आपण सगळे वर्षभर अर्धपोटी राहिलो. तो 'न्हाई' तुझ्या लेकीला जन्मतःच मिळालाय, इतका की कधी काळी तो नव्हता हे तिला कळतसुद्धा नाही. ज्याला सांगावा आल्यावर नाही म्हणता येतं, त्यानं हौसेनं उचललं तर ती गावकी होत नाही. तू म्हणशील, स्टेजपुढं टाळ्या वाजवणारे, ती खाली उतरल्यावर जात विचारतील. विचारतील. मी नाही म्हणत नाही. ते तुझ्या लेकीला सांग, तिला काय उत्तर द्यायचं ते तिला शिकव, मास्तर होतास की जन्मभर. पण तिला कोपऱ्यात रडवून, माझा फोन कापून आणि ग्रुपमधनं पळून हे मिटणार नाही.

सोमवारी सकाळी तिला पथकात नाव द्यायचंय. रविवारी संध्याकाळपर्यंत तिला समोर बसव आणि सांग. व्हय असंल तर व्हय, न्हाई असंल तर न्हाई, आणि का ते तिच्या तोंडावर. रविवार संध्याकाळ, आण्णा. सोमवार न्हाई.